सरकारी कागदातील 'कृत्रिम बुद्धिमत्ता' : शब्द कसे तोलावेत?

कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजेच लोकांच्या तोंडी बसलेला शब्द 'एआय', हा आता संगणकवाल्यांपुरता राहिलेला नाही. अर्थसंकल्पाच्या भाषणात, मंत्रिमंडळाच्या निर्णयात, नीती आयोगाच्या अहवालात आणि राज्य सरकारच्या धोरणातही तो वारंवार येतो. वृत्तपत्रे त्यातील एखादे मोठे वाक्य उचलून मथळा देतात. मग कोणी म्हणतो, "सरकारने एआयची योजना काढली, आता आपल्यालाही काही मिळेल." दुसरा म्हणतो, "आता कारागिराचे काम संपले." दोघांनीही मूळ कागद पाहिलेला नसतो.

आमच्या वाचकांत यंत्रमागवाले आहेत, चामड्याचे, भरतकामाचे, फर्निचरचे कारागीर आहेत, किराणा, कापड आणि शेतीमालाचे व्यापारी आहेत. अशा वाचकांसाठी हा विषय शोभेचा नाही. उद्या एखादा विक्रेता दुकानात येऊन "सरकारचे एआय धोरण आले आहे, हे यंत्र घ्या, अनुदान मिळेल" असे सांगेल आणि आपण कर्ज काढून बसू. किंवा एखादे बंधन खरोखरच लागू होईल आणि आपण "ते मोठ्या कंपन्यांचे असेल" म्हणून दुर्लक्ष करू. दोन्हींत नुकसान आपलेच आहे. म्हणून या लेखात निरनिराळी सरकारे आपल्या अधिकृत कागदांत एआयविषयी कसे बोलतात आणि तो कागद आपण कसा वाचावा, याचा पाठ क्रमाने देत आहोत.

पहिली गोष्ट : कागद कोणत्या प्रकारचा आहे?

व्यापाऱ्याला कोटेशन, ऑर्डर आणि बिल यांतील फरक सांगावा लागत नाही. कोटेशनवर कोणी वसुलीला जात नाही. सरकारी कागदांचेही असेच प्रकार आहेत. एआयच्या बाबतीत भारतात मुख्यतः पाच प्रकार दिसतात.

(१) चर्चापत्र किंवा अहवाल. जून २०१८ मध्ये नीती आयोगाने एआयच्या राष्ट्रीय धोरणाविषयी चर्चापत्र प्रसिद्ध केले. 'सर्वांसाठी एआय' ही त्याची घोषणा होती. नीती आयोग ही सल्ला देणारी संस्था आहे. ती कायदा करीत नाही. तिचा अहवाल म्हणजे सरकारच्या विचारांची दिशा होय, आपल्या हातात पडलेला हक्क नव्हे.

(२) मंत्रिमंडळाचा निर्णय. ७ मार्च २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'इंडिया एआय मिशन'ला मंजुरी दिली. येथे रक्कम आली : पाच वर्षांसाठी १०,३७१.९२ कोटी रुपये. अहवालात आशा असते, निर्णयात आकडा असतो. हा फरक ध्यानात ठेवावा.

(३) सल्लापत्र, म्हणजे ॲडव्हायझरी. हिचा मोठा बोधप्रद नमुना मार्च २०२४ मध्येच घडला. १ मार्चला केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने सल्लापत्र काढून म्हटले की, पुरेशी चाचणी न झालेली किंवा भरवशाची नसलेली एआय प्रणाली भारतातील लोकांना उपलब्ध करायची तर सरकारची स्पष्ट परवानगी घ्यावी. छोट्या कंपन्यांत गडबड उडाली. हे मोठ्या प्लॅटफॉर्मसाठी आहे, असा खुलासा झाला. १५ मार्चला नवे सल्लापत्र आले आणि परवानगीची अट गेली. तिच्या जागी, ही प्रणाली चुकू शकते हे वापरणाऱ्याला स्पष्ट सांगा, असे आले. पंधरा दिवसांत 'परवानगी' या शब्दाची जागा 'सूचना' या शब्दाने घेतली. ज्याने पहिलाच कागद धरून धंद्याचा निर्णय घेतला असेल, त्याचा निर्णय चुकला.

(४) मार्गदर्शक तत्त्वे. नोव्हेंबर २०२५ मध्ये याच मंत्रालयाने भारताच्या एआय कारभारासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यात सात सूत्रे आहेत. विश्वास हा पाया, माणूस आधी, अडवणुकीपेक्षा नवनिर्मितीला प्राधान्य, न्याय व समता, उत्तरदायित्व, समजेल अशी रचना आणि सुरक्षितता. सूत्रे चांगली आहेत. पण एआयसाठी स्वतंत्र कायदा तूर्त नको, असलेल्या कायद्यांनी बरेचसे काम भागेल, असाच त्या कागदाचा कल आहे. म्हणजे ही तत्त्वे मोडली म्हणून थेट दंड होत नाही. दंड होईल तो असलेल्या कायद्याखाली.

(५) कायदा व नियम. येथे गंमत अशी की, सामान्य व्यापाऱ्याला खरोखर बांधणाऱ्या कायद्याच्या नावात एआय हा शब्दच नाही. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी त्यानंतर १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे. आपल्या दुकानाच्या संगणकात किंवा मोबाइलमध्ये गिऱ्हाइकांची नावे, फोन नंबर, उधारीचा तपशील असेल आणि तो एखाद्या एआय कंपनीच्या ॲपला आपण देत असू, तर आपला संबंध या कायद्याशी येतो. मथळे एआय धोरणाचे होतात, जबाबदारी मात्र या कायद्यातून येते.

दुसरी गोष्ट : क्रियापद पाहावे

कागदाचा प्रकार कळला की क्रियापदाकडे वळावे. 'करावे लागेल', 'करावे', 'करता येईल' आणि 'करण्याचा प्रयत्न राहील' या चारांत फार अंतर आहे. पहिल्यात बंधन आहे, दुसऱ्यात सल्ला, तिसऱ्यात मुभा आणि चौथ्यात फक्त इच्छा.

युरोप आणि ब्रिटन यांची तुलना केली की हे चटकन कळते. मार्च २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारने एआयच्या नियमनावर श्वेतपत्रिका काढली. तिच्या शीर्षकातच 'नवनिर्मितीला अनुकूल' असा शब्दप्रयोग होता. तिने पाच तत्त्वे सांगितली, पण ती लगेच कायद्यात घातली नाहीत. आपापल्या क्षेत्रातील नियामकांनी ती विचारात घ्यावीत, एवढेच म्हटले.

युरोपीय संघाने दुसरा मार्ग धरला. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांचीही सुरुवात श्वेतपत्रिकेनेच झाली होती. तीत 'उत्कृष्टता' आणि 'विश्वास' हे दोन शब्द पुढे होते. परंतु चार वर्षांनी त्याचा कायदा झाला. हा कायदा १२ जुलै २०२४ रोजी युरोपीय संघाच्या राजपत्रात छापला गेला, १ ऑगस्ट २०२४ पासून अमलात आला आणि त्याची कलमे टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. त्यात धोक्यानुसार पायऱ्या आहेत. काही वापरांवर सरळ बंदी आहे आणि ती २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली. बंदी मोडणाऱ्या कंपनीला ३ कोटी ५० लाख युरोपर्यंत किंवा जगभरातील वार्षिक उलाढालीच्या ७ टक्क्यांपर्यंत, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तेवढा दंड होऊ शकतो. येथे क्रियापद 'करावे लागेल' असे आहे, आणि त्याच्या मागे दंडाचा आकडा उभा आहे.

दोन्ही कागदांत 'विश्वास', 'सुरक्षितता', 'न्याय' हे शब्द आहेतच. नुसत्या शब्दांवरून पाहिले तर ते भाऊ-भाऊ वाटतील. पण एक सल्ला आहे आणि दुसरा कायदा.

तिसरी गोष्ट : गोड शब्द कसे फिरतात

विशेषणांवर धंदा बांधू नये, कारण विशेषणे सरकारबरोबर बदलतात. अमेरिकेचे उदाहरण घ्या. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी एआयविषयी जो आदेश काढला, त्याच्या शीर्षकात 'सुरक्षित' आणि 'विश्वासार्ह' हे शब्द होते. २० जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी सूत्रे हाती घेतली आणि त्याच दिवशी तो आदेश रद्द केला. तीन दिवसांनी नवा आदेश निघाला. त्याचे शीर्षक अमेरिकेच्या नेतृत्वाच्या आड येणारे अडथळे दूर करण्याविषयी होते. जुलै २०२५ मध्ये जो कृती आराखडा आला, त्याच्या नावात तर 'शर्यत जिंकणे' असेच म्हटले होते. एआय तेच होते, पण कागदातील भाषा रक्षणावरून शर्यतीवर आली.

ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये एआय 'सेफ्टी' संस्था स्थापन केली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिचे नाव बदलून 'सिक्युरिटी' संस्था केले. मराठीत दोन्हींना आपण 'सुरक्षा' म्हणू, पण इंग्रजीत पहिल्याचा रोख सर्वसाधारण अपायाकडे आहे, तर दुसऱ्याचा राष्ट्राच्या संरक्षणाकडे व गुन्ह्यांकडे.

आंतरराष्ट्रीय परिषदांची नावेही पाहा. नोव्हेंबर २०२३ ला ब्रिटनमध्ये ब्लेचली पार्क येथे 'एआय सुरक्षितता' परिषद झाली. फेब्रुवारी २०२५ ला पॅरिसला 'एआय कृती' परिषद झाली. तिचे सहअध्यक्षपद भारताकडे होते, आणि तिच्या जाहीरनाम्यावर अमेरिका व ब्रिटन यांनी सही केली नाही. फेब्रुवारी २०२६ च्या नवी दिल्लीच्या परिषदेचे नाव 'एआय प्रभाव' परिषद असे ठेवले गेले. आधी सुरक्षितता, मग कृती, मग प्रभाव. भीती कमी होत गेली आणि उमेद वाढत गेली, असे नावांवरून दिसते. धोका तेवढाच कमी झाला, असा अर्थ मात्र यातून काढता येत नाही.

चीनची पद्धत आणखी वेगळी आहे. तेथील मंत्रिमंडळाने जुलै २०१७ च्या आराखड्यात सरळ तारखा आणि उद्दिष्टे घातली. २०२०, २०२५ आणि २०३० असे तीन टप्पे ठरवले. २०३० पर्यंत एआयमध्ये जगात अग्रस्थान मिळवायचे आणि मूळ एआय उद्योग १ लाख कोटी युआनच्या पुढे न्यायचा, असे लिहिले. असा कागद तेथील खालच्या अधिकाऱ्यांना आणि उद्योगांना पैसा कुठे लावायचा, याचा इशारा देतो. त्यात कारागिराशी बोलणे कमी आणि हुकूम जास्त असतो.

चौथी गोष्ट : रक्कम कोणाच्या नावे आहे?

आता पुन्हा आपल्या देशाकडे येऊ. 'इंडिया एआय मिशन'चे १०,३७१.९२ कोटी ऐकून आकडा मोठा वाटतो. पण व्यापारी माणूस विचारतो, ही रक्कम कोणत्या खात्यावर जमा आहे? मिशनची सात अंगे आहेत. संगणकीय क्षमता, संशोधन केंद्र, माहितीसंचांचे व्यासपीठ, उपयुक्त प्रणालींचा विकास, कौशल्य शिक्षण, नव्या कंपन्यांना अर्थसाहाय्य आणि सुरक्षित व विश्वासार्ह एआय. यात सर्वांत मोठा वाटा संगणकीय क्षमतेचा आहे. १०,००० हून अधिक खास चिप्स असलेली व्यवस्था उभी करण्याचे त्यात ठरले.

हे काम देशाला नको आहे असे नाही. पण या सात अंगांत 'मागवाल्याला यंत्रासाठी अनुदान' किंवा 'दुकानदाराला सॉफ्टवेअरसाठी सवलत' असे स्वतंत्र शीर्षक नाही. तेव्हा या मिशनचे नाव घेऊन कोणी अनुदानाची भाषा करील, तर त्याला निर्णयाचा क्रमांक आणि तारीख विचारावी.

राज्याच्या पातळीवर जून २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने 'महाॲग्री-एआय' धोरण २०२५-२९ मंजूर केले आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटींची तरतूद सांगितली. हे धोरण शेतीचे आहे. कांदा, द्राक्ष, डाळिंब यांच्या व्यापारात असलेल्यांनी त्याकडे लक्ष ठेवावे, कारण शेतमालाचा उगम आणि दर्जा यांची नोंद डिजिटल होऊ लागली की तीच नोंद खरेदीदार मागू लागतात. पण येथेही 'तरतूद' आणि 'वाटप' यांतला फरक विसरू नये. वीजदर सवलतीच्या घोषणेपासून बिलात ती दिसेपर्यंत किती काळ जातो, हे यंत्रमागवाल्यांना आम्ही सांगण्याची गरज नाही.

आणखी एक खूण आहे. वाक्यात कर्ता कोण आहे ते शोधावे. 'प्रशिक्षण दिले जाईल', 'क्षमता वाढवली जाईल', 'पावले उचलली जातील' अशा वाक्यांत काम आहे, पण करणारा नाही. कोणते खाते, कोणत्या तारखेपर्यंत, किती जणांना, ही तीन उत्तरे नसतील तर ते वाक्य आशा म्हणून वाचावे.

पाचवी गोष्ट : त्या कागदात आपण कोठे आहोत?

हा आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. २०१८ च्या नीती आयोगाच्या चर्चापत्राने पाच क्षेत्रे निवडली होती. आरोग्य, शेती, शिक्षण, शहरे व पायाभूत सोयी, आणि वाहतूक. किरकोळ व्यापार, हातमाग, यंत्रमाग, हस्तव्यवसाय यांचे नाव या पाचांत नव्हते. 'सर्वांसाठी' ही घोषणा होती, पण सुरुवातीच्या यादीत आपला धंदा नव्हता.

ऑक्टोबर २०२५ मध्ये याच आयोगाने समाजाच्या सर्वसमावेशक विकासासाठी एआय या विषयावर अहवाल काढला. त्यात असंघटित क्षेत्रातील सुमारे ४९ कोटी कामगारांचा विचार आहे आणि त्यांच्यासाठी 'डिजिटल श्रमसेतू' नावाचे मिशन सुचवले आहे. सात वर्षांत कारागीर आणि मजूर हे सरकारी कागदाच्या मध्यभागी आले, ही चांगली बाब आहे. पण वर सांगितलेली कसोटी येथेही लावावी. ही सूचना आहे. तिला निर्णयाचे आणि रकमेचे रूप येते का, ते पाहावे लागेल. दुसरे असे की, अशा अहवालांत कारागीर बहुधा 'लाभार्थी' असतो. लाभार्थ्याला दिले जाते, भागीदाराला विचारले जाते. आपल्या हातची कला आणि गिऱ्हाइकाची पारख यांतूनच तर उद्याची यंत्रे शिकणार आहेत. तेव्हा आपले स्थान केवळ घेणाऱ्याचे नाही.

एकाच सरकारच्या दोन कागदांत सूर वेगळा असू शकतो, हेही लक्षात घ्यावे. जुलै २०२४ मध्ये संसदेत मांडलेल्या २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीने स्पष्ट म्हटले की, एआयमुळे कमी, मध्यम आणि उच्च अशा सर्व कौशल्यांच्या कामगारांपुढे मोठी अनिश्चितता आहे. जानेवारी २०२५ च्या पाहणीत तर एआयच्या काळातील श्रम हे संकट ठरेल की चालना, या प्रश्नावर एक पूर्ण प्रकरण होते. म्हणजे मिशनच्या जाहिरातीत उत्साह आणि अर्थखात्याच्या पाहणीत सावधगिरी. दोन्ही अधिकृतच आहेत. शहाण्याने दोन्ही वाचावेत.

सहावी गोष्ट : मत मागितले असेल तर द्यावे

काही कागद आपले मत मागण्यासाठीच निघतात. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार खात्याने एआय आणि कॉपीराइट यांवर कार्यपत्रिका काढली. एआय कंपन्यांना लोकांच्या कृती वापरून आपली यंत्रे शिकवण्यास सरसकट परवाना असावा, आणि त्याबदल्यात मूळ निर्मात्यांना मोबदला मिळावा, असा तिचा प्रस्ताव होता. त्यावर जनतेची मते मागवली गेली.

आपल्या कारागिरांचा येथे थेट संबंध आहे. साडीची किनार, छपाईची नक्षी, चपलेची वेणी यांचे फोटो काढून यंत्राला शिकवले तर तशाच शेकडो नक्षी ते क्षणात काढून देते. पण एक कायदेशीर बारकावा पुष्कळांना माहीत नाही. डिझाइन म्हणून नोंदणी होऊ शकते अशी नक्षी आपण नोंदवली नाही, आणि त्या नक्षीचा माल यांत्रिक पद्धतीने ५० पेक्षा जास्त वेळा काढला, तर कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १५ प्रमाणे तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. तेव्हा उद्या कॉपीराइटवाल्यांना मोबदला मिळू लागला तरी नोंदणी न केलेला नक्षीवाला त्या रांगेबाहेर राहील, अशी शक्यता आहे. स्वतःची नवी नक्षी असेल तर ती बाजारात आणण्यापूर्वीच डिझाइन कायदा २००० खाली नोंदवावी. ती आधी १० वर्षे आणि मुदत वाढवल्यास आणखी ५ वर्षे टिकते.

मोठ्या कंपन्या अशा प्रत्येक कागदावर वकिलांकडून लेखी मत पाठवतात. आपल्या यंत्रमाग संघांनी, व्यापारी असोसिएशननी आणि कारागिरांच्या सोसायट्यांनी मत न पाठवल्यास अंतिम कागदात आपला धंदा दिसणार नाही, आणि त्याचा दोष दुसऱ्याला देता येणार नाही. मत मराठीत, एका पानात आणि उदाहरणासह लिहिले तरी चालते. ते मुदतीच्या आत गेले पाहिजे, एवढेच.

कात्रण करून ठेवावे असे सात प्रश्न

एआयविषयी कोणतीही सरकारी बातमी कानावर आली की पुढील प्रश्न विचारावेत.

१. हा अहवाल आहे, निर्णय आहे, सल्लापत्र आहे, तत्त्वे आहेत की कायदा?
२. कागदाचा क्रमांक आणि तारीख काय? त्यानंतर दुसरा कागद निघाला आहे काय?
३. क्रियापद बंधनाचे आहे, सल्ल्याचे आहे की इच्छेचे?
४. रक्कम आहे काय, आणि ती कोणत्या कामासाठी आहे?
५. काम कोणते खाते, केव्हापर्यंत करणार आहे?
६. माझ्या धंद्याचे नाव त्यात आहे काय? असल्यास लाभार्थी म्हणून, की जबाबदार म्हणून?
७. मते मागवली आहेत काय, आणि शेवटची तारीख कोणती?

उत्तर मिळाले नाही तर जिल्हा उद्योग केंद्रात लेखी विचारणा करावी. तरीही दाद लागली नाही तर माहिती अधिकार कायदा २००५ आहेच. १० रुपयांच्या फीने अर्ज करता येतो आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. अर्जात लांबलचक तक्रार लिहू नये. 'अमुक योजनेचा शासन निर्णय क्रमांक, तारीख आणि चालू वर्षात जिल्ह्याला मिळालेली रक्कम' एवढेच विचारावे.

एआयला नाकारून धंदा चालणार नाही आणि त्याच्या नावावर डोळे मिटून पैसा घालूनही चालणार नाही. यंत्र घ्यायचे तर आपल्या कामात किती बचत होते, याचा हिशेब आपल्या वहीत करून घ्यावे. अनुदानाची रक्कम शासन निर्णय हातात पडेपर्यंत त्या हिशेबात धरू नये.